चौथ्या गिअरमध्ये अडकलेली चेरोकी

अमेरिकेत घरामागच्या अंगणात वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी जीप चेरोकी विकायला निघाली की मालक अनेकदा एकच कारण सांगतो: गिअरबॉक्स गेलाय. इंजिन चालू होतं, पण गाडी उठत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन घरघरतं आणि गाडी नुसती रांगते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून बांधायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो, त्यामुळे एवढ्या एका वाक्यावर गाडी भंगारात जाते. माझं स्पष्ट मत असं, की तेल पाहिल्याशिवाय आणि एक फ्यूज काढल्याशिवाय या निदानावर विश्वास ठेवू नये.

१९८७ पासून २००१ पर्यंत चार लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाबरोबर या चेरोकीत एडब्ल्यू-४ नावाचा जपानी बनावटीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येत असे. टोयोटाच्या अनेक गाड्यांतल्या गिअरबॉक्सचा हा सख्खा भाऊ, आणि टिकाऊपणाबद्दल त्याची ख्याती आहे.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि चाकं यांना जोडते ती क्लच प्लेट. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करतं. इंजिनाने फिरणारी पाती टॉर्क कन्व्हर्टरच्या बंद डब्यात तेल जोरात फेकतात. ते समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं, आणि परत येताना मधल्या तिसऱ्या चक्राने वळवलं जाऊन पुन्हा पहिल्या पात्यांना हातभार लावतं. गाडी जागेवरून हलताना इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याची ताकद, त्यामुळे जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेची टर्बाइन फार वेगात फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. त्या दोघांचा मेळ घालणं हा त्याचा प्रश्न होता.

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखी रचना असलेले गिअर असतात. मधला सूर्य, भोवतीचे ग्रह, बाहेरचं कडं. यातलं कुठलं चक्र थांबवायचं आणि कुठलं फिरवायचं यावर गिअर ठरतो. थांबवण्या-जोडण्याचं काम करतात क्लच प्लेटांच्या चळती, आणि त्यांना दाबून धरतं तेच तेल, पंपाच्या दाबाने. म्हणजे हे तेल ताकद पोचवतं, प्लेटा दाबतं, वंगण देतं आणि उष्णताही वाहून नेतं. शिवाय प्लेटांमधलं घर्षण नेमकं किती असावं हेही त्यातली रसायनं ठरवतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळलं जाई. देवमाशांच्या तेलावर बंदी आल्यावर रसायनज्ञांना पर्याय शोधावे लागले.

गाडी दीर्घकाळ उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू खालच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून बंद गाडीची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, भरपूर तेल दाखवते आणि फसवते. पातळी पाहायची ती इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर. पहिल्यांदा सुरू केल्यावर गिअर टाकूनही गाडी क्षणभर हलली नाही, तर घाबरायचं कारण नाही, कन्व्हर्टर भरतोय. रबरी सील मात्र सुकून कडक झालेले असू शकतात, आणि दमट हवेतली वाफ आत थंडावून पाणीही साचतं.

डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या कागदावर टिपावं. लाल आणि पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी असून करपट वास आला तर प्लेटा घसरून तापल्या आहेत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर सर्वांत वाईट बातमी: हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते, तिथे गंज लागून कूलंट तेलात मिसळलंय. कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल प्लेटांवरचं अस्तर आणि त्याचा चिकटा खराब करतात, तेव्हा गिअरबॉक्स खरोखर उघडावा लागतो. चेंबर काढल्यावर आतल्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ भुकटी सापडते, ती नेहमीची झीज आहे. धातूचे टोचणारे तुकडे निघाले तर गोष्ट वेगळी.

तेल ठीक असेल तर आता विजेकडे वळावं. एडब्ल्यू-४ मध्ये पुढचे चार गिअर ठरवायला फक्त दोन सोलेनॉइड आहेत, म्हणजे तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेवरच्या झडपा. पहिला चालू, दुसरा बंद: पहिला गिअर. दोन्ही चालू: दुसरा. पहिला बंद, दुसरा चालू: तिसरा. दोन्ही बंद: चौथा. दोन बिट, चार शक्यता. आता वीज पोचलीच नाही तर? दोन्ही बंद, म्हणजे ‘डी’वर ठेवलेली गाडी थेट चौथ्यात निघू पाहणार. हायवेवर वेगात असताना वीज गेली तर पहिल्यात कोसळण्यापेक्षा चौथ्यात राहणं बरं. पण जागेवरून निघताना हीच रचना गिअरबॉक्स मेल्याचा भास निर्माण करते.

याचीच चाचणी करता येते. इंजिन बंद करून ट्रान्समिशन कॉम्प्युटरचा, म्हणजे या सोलेनॉइडना वीज देणाऱ्या कॉम्प्युटरचा, फ्यूज काढायचा. मग मोकळ्या जागेत दांडा ‘१-२’वर ठेवून निघायचं, या स्थितीत तेलाच्या यांत्रिक वाटेनेच पहिला गिअर पडतो. दांडा ‘३’वर नेला की तिसरा, ‘डी’वर चौथा. दुसरा गिअर या चाचणीत येत नाही. गाडी न घसरता खणखणीत निघाली, तर पंप आणि प्लेटा बऱ्याच अंशी शाबूत आहेत. दोष तारांत, सेन्सरात किंवा स्विचात शोधायचा. सोलेनॉइड मल्टिमीटरने तपासता येतात, ११ ते १५ ओहम रोध दिसायला हवा. हमखास संशयित म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला चिखलाच्या माऱ्यात बसलेला, दांडा कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगणारा स्विच. आतलं ग्रीस वाळतं, तांब्याचे संपर्क काळे पडतात. ‘पार्क’मध्ये सेल्फ लागत नाही आणि न्यूट्रलमध्ये लागतो, किंवा रिव्हर्सचे दिवे पेटत नाहीत, ही त्याची लक्षणं. तो उघडून, संपर्क पुसून, नवं ग्रीस लावून परत बसवला की पुष्कळदा गाडी पुन्हा चारही गिअर टाकू लागते.

तेल बदलताना एक लक्षात ठेवावं: चेंबरमधून जेमतेम अर्धंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा बदलावं. नवं तेल घातल्याने जुना गिअरबॉक्स मरतो ही समजूत फार पसरली आहे. माझ्या मते असा गिअरबॉक्स आधीच मरणपंथाला लागलेला असतो.

मग उरतो फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणं. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा, त्यातही हेच लाल तेल असतं. त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या मधला सील सुकला, तर जमिनीवर थेंबही न पडता गिअरबॉक्समधलं तेल कमी होऊ शकतं, म्हणून दोन्हीकडची पातळी पाहावी. साध्या पार्ट-टाइम केसमध्ये फोर बाय फोर टाकला की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र जखडला जातो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर तो फरक निसटायला वाव नसतो. सगळा पीळ गिअरांवर येतो. त्यामुळे फोर बाय फोरची चाचणी मातीत किंवा खडीवरच घ्यावी. फोर बाय फोरचा दांडा पडला तरी पुढची चाकं ओढत नसतील आणि गाडी १९९१ किंवा त्याआधीची असेल, तर ट्रान्सफर केसला हात लावण्याआधी पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या पाहाव्यात. तो अ‍ॅक्सल हवेच्या पोकळीवर जोडला जातो, आणि तडकलेली नळी बदलायला फार खर्च येत नाही.