हवाई प्रवासावरील कर व विमानतळ शुल्के (भारत)

विमानाच्या तिकिटावर मूळ भाड्याखाली पाच-सहा ओळी छापलेल्या असतात. बोलण्यात त्या सगळ्यांना सरसकट ‘टॅक्स’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेक कर नसून शुल्के आहेत. भारतात विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांचा खर्च मुख्यतः शुल्कांतून भागतो. खरा कर मात्र सरकारी तिजोरीत जातो आणि धावपट्टीकडे परत येईलच असे नाही. हा भेद आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या धोरणातही आहे. सुविधेचा खर्च वसूल करण्यासाठी घेतले जाते ते शुल्क, सर्वसाधारण महसुलासाठी घेतला जातो तो कर. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराचे १५ वे कलम त्याहून जुने आहे. केवळ आपल्या आकाशातून गेल्याबद्दल कोणत्याही देशाने पैसे घेऊ नयेत आणि परदेशी विमानांना स्वदेशी विमानांपेक्षा जादा आकार लावू नये, असे ते सांगते.

कर : परदेश प्रवास कर १९७९ पासून आणि देशांतर्गत हवाई प्रवास कर १९८९ पासून लागू झाला. दोन्ही २००४ च्या जानेवारीत उठले. आज तिकिटावर वस्तू व सेवा कर असतो : इकॉनॉमी वर्गाला ५ टक्के, वरच्या वर्गांना सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के (त्यापूर्वी १२). विमानाचे इंधन या कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगडसाठी राज्याचा हा दर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. यातला पैसा विमानतळांसाठी राखून ठेवलेला नसतो. अमेरिकेची रीत याच्या उलट आहे. तेथे १९७० च्या कायद्याने विमानतळ व हवाई मार्गांसाठी स्वतंत्र न्यास-निधी स्थापन झाला आणि तिकिटावरील कर (सध्या ७.५ टक्के व प्रत्येक टप्प्यामागे ठरावीक रक्कम) थेट त्यात जमा होतो. २०११ मध्ये कायद्याची मुदत वाढवायची राहिली, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे दोन आठवडे ही वसुली थांबली आणि तेथील नागरी हवाई प्रशासनातील सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसावे लागले.

विकास शुल्काचा वाद : भारतात कर आणि शुल्क यांची सीमारेषा विकास शुल्कावरून ठरली. विमानतळ प्राधिकरण (विमानतळांची सरकारी संस्था) कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने विकास शुल्काचे कलम २२-अ घालण्यात आले. दिल्ली व मुंबई विमानतळ २००६ मध्ये खाजगी कंपन्यांच्या भागीदारीत गेल्यावर बांधकामाला पैसा कमी पडू लागला. मग २००९ मध्ये मंत्रालयाच्या पत्रांच्या आधारे निघणाऱ्या प्रवाशांवर विकास शुल्क लावले गेले : दिल्लीत देशांतर्गत २०० व आंतरराष्ट्रीय १,३०० रुपये, मुंबईत अनुक्रमे १०० व ६०० रुपये. कंपन्यांची बाजू अशी होती, की हे सुविधेचेच मोल आहे. न्यायालयात गेलेल्या ग्राहक संघटनेचे म्हणणे असे, की जी इमारत अजून उभी नाही तिचा वापर प्रवाशाने केलेला नाही, मग मोल कशाचे? २६ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू मान्य केली. नाव शुल्काचे असले तरी कलम २२-अ खालील वसुलीचे स्वरूप उपकराचे किंवा कराचे आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही (संविधान, अनुच्छेद २६५), असा तो निर्णय. विमानतळांची शुल्के ठरवणाऱ्या आर्थिक नियामक प्राधिकरणाने दर ठरवल्याखेरीज मोठ्या विमानतळांवर ही वसुली करता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. प्रवाशांना रकमा परत मिळाल्या नाहीत. जमा पैशाचा हिशेब विमानतळ प्राधिकरणाला देण्याचा आदेश झाला. या विषयावरील सर्वांत स्पष्ट विवेचन आजही याच निकालात सापडते.

दरनिश्चिती : हे नियामक प्राधिकरण २००८ च्या कायद्याने आले व २००९ मध्ये कामाला लागले. वर्षाला १५ लाखांवर प्रवासी असलेला विमानतळ प्रारंभी ‘प्रमुख’ धरला जाई. २०१९ पासून ही मर्यादा ३५ लाख आहे. दर पाच वर्षांसाठी ठरतात. गुंतवणुकीवरील परतावा, घसारा, चालू खर्च व आयकर यांची बेरीज करून तेवढे उत्पन्न विमानांच्या उतराई-आकारातून आणि प्रवाशांच्या वापरकर्ता विकास शुल्कातून (यूडीएफ) मिळेल अशी मांडणी केली जाते. दुकाने, पार्किंग व जाहिराती यांचे उत्पन्न या हिशेबात धरायचे की नाही, हा जुना प्रश्न. सगळे धरले तर सिंगल टिल, मुळीच न धरले तर ड्युअल टिल. नियामकाने २०११ मध्ये सिंगल टिलचा पुरस्कार केला होता. दिल्ली-मुंबईच्या करारांत मात्र ३० टक्केच धरायचे होते आणि २०१६ च्या राष्ट्रीय धोरणाने तीच हायब्रिड पद्धत इतरत्रही नेली. प्रवाशाच्या दृष्टीने नियामकाचे आधीचे मत अधिक न्याय्य वाटते, कारण दुकानांपुढची गर्दी प्रवाशांमुळेच असते. मुंबईच्या करारानुसार ढोबळ उत्पन्नाचा ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला जातो आणि तो खर्च म्हणून दरात चढवता येत नाही. प्राधिकरणाच्या लहान, तोट्यातील विमानतळांना अशा वाट्याचा आधार असतो.

हवाई वाहतूक नियंत्रण : मुंबईचा विमानतळ खाजगी कंपनी चालवत असली तरी तेथील टॉवरमधील नियंत्रक विमानतळ प्राधिकरणाचे आहेत. त्यांच्या सेवेचा आकार विमान कंपनीच्या बिलात असतो, प्रवाशाच्या तिकिटावर दिसत नाही. मार्गातील आकाराला आरएनएफसी आणि उतरतानाच्या आकाराला टीएनएलसी म्हणतात. मार्ग-आकार विमानाचे कमाल वजन व कापलेले अंतर यांवर ठरतो. वजन सरळ पटीत का धरत नाहीत, हे युरोपच्या सूत्रातून चांगले समजते. तेथे वजनाला ५० टनांनी भागून वर्गमूळ घेतात. म्हणून ५० टनांच्या विमानाचा गुणक १, तर २०० टनांच्या विमानाचा ४ नव्हे, २. नियंत्रकाला दोन्ही विमानांसाठी जवळपास सारखेच श्रम पडतात, तरी मोठ्याची देण्याची ऐपत जास्त, अशी ही तडजोड आहे. भारताच्या जबाबदारीचे आकाश सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल असून त्यातील बराच मोठा भाग समुद्रावर आहे. त्यामुळे येथे न उतरता वरून जाणारी परदेशी विमानेही हा आकार भरतात; तो आकाशातून जाण्याचा नसून नियंत्रण सेवेचा असतो.

राखीव निधी : दोन वसुल्या ठरावीक कामासाठीच आहेत. जुन्या प्रवासी सेवा शुल्कातील सुरक्षेचा हिस्सा जुलै २०१९ पासून स्वतंत्र हवाई सुरक्षा शुल्क झाला (एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत २०० रुपये). दुसरी प्रादेशिक जोडणीची : डिसेंबर २०१६ पासून मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून लहान शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेचा निधी उभारला गेला. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता.

सगळे विमानतळ एकाच संस्थेकडे नाहीत. पुण्यात लोहगावचे नियंत्रण हवाई दलाकडे व गोव्यात दाबोळीचे नौदलाकडे आहे. नागरी टर्मिनल तेवढे विमानतळ प्राधिकरणाचे. शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा आहे.