बंदुका खऱ्या, हल्ला रचलेला

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईवरच्या, १९१६च्या 'द बॅटल ऑफ द सॉम' या मूकपटात खंदकातून बाहेर पडणारे ब्रिटिश सैनिक प्रत्यक्ष हल्ल्यात कोसळताना दिसतात.

हातातल्या ली-एनफिल्ड रायफली अस्सल आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण काही सेकंदांची ही दृश्यं आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी चित्रित झाली. क्लिप थांबवत थांबवत पाहा. पाठीवर पूर्ण सामान नाही. 'मेलेला' एक जण तर चक्क पायावर पाय टाकतो! शिवाय कॅमेरा कुठे उभा आहे बघा. खऱ्या गोळीबारात तिथे कोण टिकलं असतं? बाकी बराचसा चित्रपट मात्र खराच, लढाईच्या पहिल्या दिवशीचा, १ जुलैचा, हॉथॉर्न टेकडीखालचा प्रचंड सुरुंगस्फोटसुद्धा.