झेंडू परत उगवला म्हणजे बारमाही झाला का?

पहिला पाऊस झाला की परभणीत आमच्या गल्लीत कोणी ना कोणी म्हणतंच, आमचा झेंडू बारमाही आहे बरं का, दसऱ्याला होता, यंदा बघा परत यायलाय. येतो, खोटं नाही, पण तो जुना झेंडू नसतो, त्याचं पिल्लू असतं. दसऱ्याचं वाळलेलं तोरण आपण कुंडीत नाहीतर परसात टाकतो, त्यातल्या काळ्या सुईसारख्या बिया मातीत पडून राहतात अन् जूनमधी उगवतात. मूळ झाड फुलं देऊन कधीच वाळलेलं, त्याचं आयुष्यच चार-पाच महिन्यांचं. म्हणून तर गेल्या साली टपोरा गेंद होता अन् यंदा बारकी फुलं काहून आली अशी तक्रार असते, हायब्रीडच्या बीचं पुढच्या पिढीत असंच होतं.

खरा बारमाही वेगळाच, टॅजेटिस लेमोनी म्हणतात त्याला. खानदान एकच, पण हा ॲरिझोना अन् उत्तर मेक्सिकोच्या डोंगरातला. (बाजारातल्या मोठ्या झेंडूला आफ्रिकन म्हणतात, तोही मेक्सिकोचाच, आफ्रिकेचा काही संबंध नाही.) याचं झुडूप होतं, तीन-चार फूट उंच अन् तेवढंच पसरट, खोड बुडाला लाकडासारखं टणक. ओळखायचं तर वाकून बुडाशी बघा, मातीतून दोन पानांचं रोप आलंय का जुन्या खोडाला कोंब फुटलाय, विषय संपला.

पण तोरणासाठी घेत असाल तर राहू द्या. फूल एकेरी, पिवळं, मोजक्या पाकळ्यांचं, दिवस लहान व्हायला लागले की झुडूपभर येतं, दिसतं लई भारी पण ओवलं तर माळ भरतच नाही. खरी मजा पानात, नुसता हात लागला तरी लिंबू-पुदिना-कापूर असा मिक्स वास सुटतो, ज्याला साध्या झेंडूचाच वास सहन होत नाही त्यानं दारात लावूच नये.

ऊन दोघांनाही भरपूर पाहिजे, ते आपल्याकडं फुकट आहे. घोळ होतो काळ्या मातीत, लेमोनीच्या मुळाशी पाणी साचलं की झाड गेलंच, म्हणून मुरूम-वाळू मिसळून उंचवट्यावर लावा. फुलं संपली की छाटा, अन् छाटलेले कोवळे शेंडे फेकू नका, ओल्या वाळूत खोचा, त्यांनाच मुळ्या फुटतात, बी शोधत बसायची गरज नाही.