लघुमुखवटा

लघुमुखवटा : बाहुली, मूर्ती किंवा हल्ली ‘फिगर’ म्हणून ओळखली जाणारी पात्रमूर्ती हिच्या चेहऱ्यावर बसेल अशा मापाने हाताने घडवलेला, काढता-घालता येणारा मुखवटा. ज्याला भेट द्यायची त्याच्या आवडीचे पात्र मूर्तिरूपात करून घ्यायचे आणि सोबत दोन-चार मुखवटे द्यायचे, हे त्याचे आजचे प्रमुख निमित्त. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर परिसरातील कारागिरीच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे.

संज्ञा : ‘मुखवटा’ हा शब्द मुख + पट्ट अशा जोडीतून आला असावा. स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणे मराठीला नवे नाही (दीप – दिवा, ताप – ताव), त्यामुळे ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या सोयीची आहे. मात्र सोयीची व्युत्पत्ती खरी असतेच असे नाही. बोहाड्यासारख्या नाचांत मुखवट्याला ‘सोंग’ म्हणतात आणि त्या शब्दात चेहऱ्याबरोबर अख्खे पात्र येते. लघुमुखवट्याला अर्थाने ‘सोंग’च अधिक जवळचा आहे, कारण मूर्ती तीच राहून पात्र बदलते.

देवघरातील टाक आणि लघुमुखवटा यांची गल्लत होऊ नये. टाक म्हणजे ठशावर ठोकून उठाव आणलेला चांदीचा, पितळेचा किंवा तांब्याचा पत्रा. त्यावर बहुधा देवतेची पूर्णाकृती असते आणि तो कशावर चढवला जात नाही. आकाराने दोन्ही लहान, एवढेच साम्य. धातूचा देवमुखवटा मात्र चढवण्यासाठीच असतो : लिंगावर, तांदळ्यावर (देवतेच्या न घडवलेल्या पाषाणावर), कलशावर किंवा पालखीत.

उगम : कोल्हापुरातील लघुमुखवट्याचा उगम शोधताना तीन दिशा संभवतात. पहिली पुरातत्त्वाची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडाचे उत्खनन ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 मध्ये केले. तेथील सातवाहनकालीन थरांतून, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतून, मातीच्या लहान मूर्ती मिळाल्या. तेर, नेवासे आणि कोल्हापूर येथे सापडलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती या संदर्भात विशेष महत्त्वाच्या. त्या दुहेरी साच्यातल्या आहेत : पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि ओले असतानाच दोन्ही जोडून आत पोकळी ठेवलेली. हे तंत्र रोमन संपर्कातून आले, असे एक मत आहे. ब्रह्मपुरीलाच सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती (आज टाउन हॉलमधील संग्रहालयात) त्या संपर्काची साक्ष देते. तयार मूर्ती व्यापारात आयात झाली म्हणून मातीचे तंत्रही तिच्याबरोबर आले असे मात्र सिद्ध होत नाही. साच्याचा वापर भारतीय मृत्कामाला त्याआधीपासून ठाऊक होता. परकीय प्रेरणा आणि देशी सवय दोन्ही मिळून हे घडले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या चर्चेचे प्रस्तुत विषयाशी नाते तांत्रिक आहे. दुहेरी साच्यातला पुढचा अर्धा भाग, त्यातही फक्त चेहऱ्याचा, सुटा काढला की पाठीमागून पोकळ मुखवटाच हाती येतो. परंतु सातवाहनकाळ आणि आजचा कारागीर यांच्यात अखंड परंपरा मानायला आधार नाही.

दुसरी दिशा नाटक-चित्रपटांची. चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर (1890–1954) यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1910च्या दशकाच्या अखेरीस येथे चित्रपटनिर्मितीचा पाया घातला. पडदे रंगवणारे, लाकूडकाम आणि प्लास्टरकाम करणारे हात त्यामुळे एका छताखाली आले. लघुमुखवट्याचा धागा तिथपर्यंत नेण्याचा मोह होतो. कोल्हापूरकरांना तो जास्तच होतो. पण रंगमंचावरची वस्तू लांबून पाहण्यासाठी असते आणि लघुमुखवटा तळहातावर घेऊन न्याहाळला जातो, म्हणून दोन्हींची घडण मुळातच निराळी.

तिसरी आणि बहुधा खरी दिशा कुंभारवाड्यांची. शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी आणि बापट कॅम्प येथील मूर्तिकार गणेशमूर्तींबरोबर गौरीचे मुखवटे करतात. दिवाळीतल्या किल्ल्यांवरचे मावळेही कुंभारांच्याच साच्यांतले. गौरीचा मुखवटा चढवण्यासाठी, मावळा छोट्या मापासाठी. लघुमुखवट्याला लागणारी दोन्ही कौशल्ये या गल्ल्यांत आधीपासून आहेत.

माप : पात्रमूर्तीची रूढ प्रमाणे 1:12 (उंची सुमारे 15 सेंमी.) आणि 1:6 (सुमारे 30 सेंमी.) अशी आहेत. कपाळापासून हनुवटीपर्यंत 19 सेंमी. असलेला माणसाचा मुखवटा 1:12 मध्ये जेमतेम 16 मिमी. भरतो. जाडीची अडचण त्याहून मोठी. 5 मिमी. जाडीचा खरा मुखवटा त्याच प्रमाणात 0.4 मिमी.चा होईल, म्हणजे बोट लागताच मोडेल. म्हणून जाडी 1 मिमी.च्या आसपास ठेवून कडा आतून तासतात. समोरून पाहणाऱ्याला पातळ कड दिसते आणि मुखवटा खराच पातळ वाटतो. डोळ्यांची भोकेही प्रमाणापेक्षा थोडी मोठी घेतात, नाहीतर रंगाने ती बुजतात.

साहित्य व कृती : शाडू हाताळायला सर्वांत ओळखीचा, पण सुकताना तो आक्रसतो. आक्रस दहा टक्के धरला तरी 16 मिमी.वर दीड मिमी.हून अधिक फरक पडतो आणि मुखवटा गालांवर अडकतो. शिवाय न भाजलेला शाडू पाण्यात विरघळतो. विसर्जनाच्या मूर्तीत हा गुण, भेटवस्तूत दोष. त्यामुळे शाडूत फक्त नमुना करून प्रत्यक्ष मुखवटा एम-सीलसारख्या दोन घटकांच्या लांबीत (पुट्टीत) किंवा पॉलिमर क्लेमध्ये काढणे बरे. पॉलिमर क्ले साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसला भाजावी लागते, तर पीव्हीसीची पात्रमूर्ती 80 अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते. मुखवटा मूर्तीच्या तोंडावर ठेवूनच भाजायचा विचार त्यामुळे सोडून द्यावा.

त्यावरचा उपाय म्हणजे चेहऱ्याची प्रत. मूर्तीच्या तोंडाला व्हॅसलीनचा पुसट हात देऊन मऊ मातीत ठसा घेतात, त्या ठशात प्लास्टर ओतून चेहरा काढतात आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरून मुखवटा घडवतात. नाक आणि भुवया आधी बसवायच्या, ओठ शेवटी. ओठांची रेघ अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी मुखवटा हसायचा तो रडू लागतो. कोरायला सुई, दातकोरणी किंवा झिजलेल्या ब्रशचा दांडा चालतो. घट्ट झाल्यावर पाण्याच्या पॉलिश पेपरने घोटून पांढरे अस्तर द्यावे. रंगाचे थर बारीक रेघा भरून टाकतात, म्हणून रेघा हव्या त्यापेक्षा किंचित खोल कोरलेल्या असाव्यात. पावसाळ्यात प्लास्टर आणि कागदी लगदा लवकर वाळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये द्यायच्या भेटीची तयारी बरीच आधी करावी लागते.

मुखवटा टिकवून धरायला कानामागून जाणारा बारीक दोरा, डिंकाची गोळी किंवा 2-3 मिमी.चे चुंबक वापरतात. चुंबक सर्वांत सुबक, पण त्यासाठी मूर्तीच्या कपाळात खाच पाडावी लागते आणि ती मूर्ती दुसऱ्याची असेल तर विचारूनच.

तुलना : इतरत्र जपानमधील मुखवटा-नेत्सुके सर्वांत जवळचे. कमरपट्ट्याला अडकवायच्या या छोट्या गुंडीवर एडो काळात (1603–1868) नो या पारंपरिक जपानी नाट्यातील मुखवटे कोरले गेले. मुखवटे कोरणाऱ्या देमे घराण्याची नावे त्यांवर आढळतात. ते मात्र कुणाच्या चेहऱ्यासाठी नव्हते. सावंतवाडीच्या लाखकामाची खेळणी रंगाच्या दृष्टीने तुलनीय आहेत, बांधणीच्या नव्हे.

संकेत : पूजेतल्या देवतेचा मुखवटा पात्रमूर्तीला चढवू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. राक्षस, विदूषक, वाघ, माकड यांना अशी आडकाठी नाही. चांदीत मुखवटा हवा असल्यास गुजरीतील (कोल्हापूरच्या सराफ बाजारातील) किंवा चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरीच्या कारागिराकडे ठशाचे काम होऊ शकते. तेथे वजनाप्रमाणे चांदी आणि वेगळी घडणावळ असा हिशेब असतो. एवढ्याशा वस्तूत घडणावळच चांदीपेक्षा जास्त होते.