‘दूषित’ ठरलेल्या आठवणी आणि आजची आयरिश कादंबरी

गेल्या वीसेक वर्षांतल्या आयरिश कादंबऱ्या सलग वाचल्या तर एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं, कुणीतरी स्वतःची हकीगत लिहायला बसलंय आणि मध्येच थांबतंय, की हे खरंच असं झालं होतं का. 2007 चं बुकर मिळालेल्या कादंबरीतली बाई सुरुवातीलाच सांगते की मी आठ-नऊ वर्षांची असताना आजीच्या घरी काय घडलं ते मला लिहून काढायचंय, पण ते घडलं की नाही याचीच खात्री नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या आणखी एका कादंबरीत मनोरुग्णालयातली शंभरीला टेकलेली बाई आपलं आयुष्य कागदावर उतरवते आणि जमिनीच्या फळ्यांखाली लपवते, आणि तिच्या डॉक्टरला तिच्याबद्दल एका पाद्र्याने लिहिलेली वेगळीच हकीगत सापडते. ही नुसती लेखनाची स्टाईल आहे असं मला वाटत नाही.

आयर्लंडमधला पुस्तकांवरच्या सेन्सॉरशिपचा 1929 चा कायदा, साठच्या दशकातल्या बंद्या, 1965 मध्ये कादंबरीवर बंदी आल्यावर नोकरी गमावलेला शाळामास्तर, हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. माझ्या मते खरं वळण 1984 चं. 31 जानेवारीला लाँगफर्ड काउंटीतल्या ग्रॅनार्ड गावात 15 वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीमातेच्या ग्रोटोपाशी, म्हणजे मूर्ती ठेवलेल्या गुहेसारख्या जागेपाशी, एकटीच बाळंत झाली, बाळ गेलं आणि त्याच दिवशी तीही गेली. त्यानंतर एका रेडिओ कार्यक्रमाकडे पत्रं यायला लागली, कुणी न्हाणीघरात बाळंत झालेली, कुणी चाळीस वर्षं नवऱ्यालाही न सांगितलेली. फेब्रुवारीत एका सकाळी पूर्ण कार्यक्रमभर ती पत्रंच वाचली गेली, जवळपास काही भाष्य न करता. आजच्या कादंबरीतला तो अडखळणारा ‘मी’ मला त्या पत्रांचाच वारस वाटतो.

पुढे भराभर घडत गेलं. 1993 मध्ये डब्लिनच्या एका मॅग्डालेन लाँड्रीची (‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांना ठेवून त्यांच्याकडून धुण्याचं काम करून घेणारी नन्सची संस्था) जमीन विकताना 155 बायकांचे अवशेष उकरून काढले गेले, त्यातल्या 22 जणींचे अवशेष उकरायची परवानगीच घेतलेली नव्हती कारण त्या तिथे पुरल्यात याची नोंदच धड नव्हती. 1996 ला शेवटची लाँड्री बंद, 1999 ला औद्योगिक शाळांमधल्या (गरीब, निराधार मुलांना ठेवायच्या निवासी संस्था) मुलांच्या छळाबद्दल सरकारची माफी, 2002 ला त्यांच्यासाठी भरपाईचा कायदा. या कायद्यात एक कलम असं होतं की भरपाईच्या अर्जाची किंवा रकमेची माहिती प्रसिद्ध केली तर गुन्हा. अनेकांनी त्याचा अर्थ असाच घेतला की आता स्वतःचं बालपणही कुणाला सांगायचं नाही.

पण सगळ्यात जास्त गुंता झाला तो 2015 मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाच्या एका निर्णयामुळे. अविवाहित आयांना ठेवायच्या संस्थांची ही चौकशी होती. आयोगाने दोन समित्या केल्या, एक चौकशीची आणि एक ‘गोपनीय’. गोपनीय समितीपुढे 550 जण बोलले. साक्ष म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं, पण इथे शपथ नव्हती आणि उलटतपासणीही नव्हती, नुसतं मन मोकळं करायचं. जानेवारी 2021 मध्ये जवळपास 3,000 पानांचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं की या हकिगती वेगळ्या प्रकरणात ठेवल्यात आणि निष्कर्षांमध्ये त्यांना जागाच नाही. चर्चने किंवा सरकारने बायकांना जबरदस्तीने तिथे पाठवल्याचा पुरावा नाही, असं रिपोर्ट म्हणतो, आणि काही पानांवर त्याच बायका सांगतायत की आमच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. वरून काही साक्षी ‘दूषित’ झाल्या असाव्यात असंही लिहिलंय, कारण साक्षीदार एकमेकांना भेटले आणि पेपरात चुकीचं छापून आलं. आता एकाच संस्थेत राहिलेल्या बायका म्हातारपणी एकमेकींना भेटल्या, बोलल्या, एकीचं ऐकून दुसरीला आठवलं, तर ती आठवण दूषित कशी? आठवण अशीच तर येते! कादंबरीकारांना हे कधीच कळलं होतं. त्यात या हकिगतींची रेकॉर्डिंग्ज पुसल्याचं उघड झालं, ती पुसली जातील असं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं असं कित्येक जणी म्हणाल्या, मग ती बॅकअपमधून परत मिळवली. डिसेंबर 2021 मध्ये सरकारला हायकोर्टात मान्य करावं लागलं की रिपोर्टमध्ये ज्यांची ओळख पटू शकत होती अशा बायकांना त्याचा मसुदा आधी न दाखवणं हा त्यांच्या हक्कांचा भंग होता.

म्हणूनच 2013 ची ती कादंबरी मला फार महत्त्वाची वाटते, जी सहा महिन्यांत लिहून झाली आणि नऊ वर्षं तिला प्रकाशक मिळाला नाही. त्यातली मुलगी आपल्या भावाशी बोलते आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच तुटतं, कर्ता आहे तर क्रियापद नाही. असं बोलणं कुठल्या समितीने कसं नोंदवलं असतं!

2021 पासून रोख थोडा बदललाय. रिपोर्ट आला त्याच वर्षी 1985 च्या न्यू रॉस या आयरिश गावातल्या एका कोळसाविक्यावरची छोटीशी कादंबरी आली, कॉन्व्हेंटच्या, म्हणजे नन्सच्या मठाच्या, कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी त्याला सापडते. इथे हकीगत तिची नाही, पाहणाऱ्याची आहे, आणि गावातल्या कुणाकुणाला माहीत होतं हा प्रश्न आहे. रिपोर्टने मुख्य जबाबदारी मुलांच्या बापांवर आणि बायकांच्या घरच्यांवर टाकली होती, कादंबरीत मात्र कॉन्व्हेंटची भिंत शाळेला लागूनच आहे आणि कोळसाविक्याला पाच मुली आहेत, ज्यांना त्याच शाळेत शिकायचंय. शेवटी तो त्या मुलीला घेऊन भरवस्तीतून आपल्या घराकडे चालत येतो, दार उघडल्यावर बायको काय म्हणते ते आपल्याला कळत नाही.