एलिफंटा आणि घारापुरी: नावं दोन, प्रश्नही दोन

गेटवेवरून लाँचमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना वाटतं की एलिफंटा हे घारापुरीचंच दुसरं नाव. नकाशापुरतं ते बरोबर आहे. पण बेटाच्या विकासाचा विषय निघाला की ही दोन नावं वेगळी धरावीच लागतात, नाहीतर एकाच्या गरजा दुसऱ्याच्या खात्यावर मांडल्या जातात.

एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांचं, बंदराजवळ दिसलेल्या दगडी हत्तीवरून पडलेलं. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो कोसळून फुटला. पुन्हा जोडलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. एलिफंटा म्हणजे लेणी, सदाशिवाची ती विराट त्रिमुखी मूर्ती आणि १९८७ पासूनचा जागतिक वारशाचा दर्जा.

घारापुरी म्हणजे शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांचं गाव. त्याची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे, तालुका उरण, जिल्हा रायगड. समोर मुंबई दिसत असली तरी तालुक्याच्या कामाला उरणच गाठावं लागतं.

हा फरक पर्यटकाच्या हातातल्या दोन पावत्यांवरही दिसतो. जेट्टीवरून आत आलं की ग्रामपंचायतीचा कर भरायचा. मग दुतर्फा दुकानं असलेल्या पायऱ्या चढून वर गेलं की लेण्यांचं वेगळं तिकीट, ते पुरातत्त्व खात्याचं. अनेकांना वाटतं, आपल्याकडून एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतले. तसं नाही. पहिले पैसे गावाचे आहेत, आणि ते आनंदाने द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

विजेचं उदाहरण घ्या. लेणी दिवसा बघायची आणि संध्याकाळच्या लाँचने परत फिरायचं, पर्यटकांना मुक्कामाची परवानगीच नाही. त्यामुळे पाहुण्यांचं विजेवाचून फारसं अडत नव्हतं. गावात मात्र संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, आणि तेवढ्यात पोरांचा अभ्यास, स्वयंपाक, सगळं उरकायचं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे जागतिक वारसा होऊन तीस वर्षं उलटल्यावर.

पायऱ्यांवर डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका फोटोसाठी उभ्या राहतात, त्याचे दोन पैसे मिळतात. पर्यटकाला तो पोशाखाचा भाग वाटतो, पण याच बेटावर पाण्याची टंचाई खरोखरची आहे.

घर बांधण्याचंही तसंच. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लेण्यांसाठी हा नियम हवाच, त्यात तडजोड नको. पण कुटुंब वाढलं म्हणून एक खोली काढू पाहणाऱ्याला त्याची झळ बसते, तेव्हा त्याला पर्यायी जागा दाखवणं हेही विकासाचंच काम आहे.

शिवडीहून बेटापर्यंत रोपवे नेण्याची कल्पना मांडली गेली आहे. बातमीत तिला ‘एलिफंटाचा विकास’ म्हटलं जातं. घारापुरीच्या बाजूने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मध्यरात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या, तर तो रोपवे चालू असेल का?