म्हातारपण आणि हायपोथॅलॅमस
हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला जेमतेम 4 ग्रॅमचा भाग. तहान, भूक, झोप, अंगाचं तापमान आणि बरेचसे हॉर्मोन्स तो सांभाळतो, श्वास, ठोके आणि बीपी मुख्यतः त्याच्या खालच्या ब्रेनस्टेमकडे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठासारख्या भागाकडे. वय झालं की विसरायला होतं हे सगळ्यांना माहितीये, पण या भागांतही बदल होतात आणि त्याकडे घरचे लोक फार कमी लक्ष देतात. बसल्या जागी सगळं ठीक दिसतं, ताण पडला की फरक कळतो.

सगळ्यात आधी तहान. रक्तात पाणी कमी होऊन मिठाचं प्रमाण वाढलं की हायपोथॅलॅमसच्या आसपासच्या पेशींना ते कळतं आणि तहान लागते. 1984 साली छापून आलेल्या एका प्रयोगात ठणठणीत तब्येतीच्या तरुण आणि वयस्कर पुरुषांना 24 तास पाणी दिलं नाही, तर वयस्करांच्या रक्तात सोडियम जास्त वाढलेलं असूनही त्यांना तहान कमी लागली, तोंडही फारसं कोरडं वाटलं नाही आणि नंतर पाणी समोर ठेवलं तरी ते कमीच प्यायले. शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन हे हॉर्मोन मात्र कमी पडत नाही, उलट बऱ्याचदा जास्तच सुटतं, पण किडनी त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. त्यामुळे तहान नाही म्हणजे पाणी पुरेसं आहे, हा हिशोब म्हातारपणी धरूच नये.

तापाचंही तसंच. इन्फेक्शन अंगात मुरलेलं असतं तरी कधीकधी थर्मामीटर नॉर्मल, नुसतं गळून जाणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं, हीच काय ती खूण.

झोपेचं घड्याळ हायपोथॅलॅमसमधल्याच सुमारे 20,000 पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात असतं, वयानुसार त्याचा दिवसरात्रीचा ठेका क्षीण होतो आणि थोडा अलीकडे सरकतो, म्हणून संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे लवकर जाग.

उभं राहिल्यावर बीपी सावरणारा ब्रेनस्टेममधला रिफ्लेक्स पण ढिला पडतो. 3 मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 किंवा खालचं 10 ने उतरलं तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. चक्कर येऊन पडणं, हाड मोडणं यामागे बऱ्याचदा हेच असतं, म्हणून बीपी उभं करूनही मोजायला सांगावं.

2013 आणि 2017 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हायपोथॅलॅमसमधली सूज कमी केल्यावर, आणि नंतर तिथे स्टेम सेल्स (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) सोडल्यावर, म्हातारपण लांबलं आणि आयुष्य थोडं वाढलं. माणसात अजून हे करून दाखवलेलं नाही.